आग रामेश्वरी, फॉरमॅट सोमेश्वरी

“फॉरमॅट मारावा लागेल.”

सरकारी कचेरीतल्या ‘साहेब जेवायला गेलेत’ नंतर आपण सगळ्यात जास्त वेळा मुकाट ऐकून घेतलेलं वाक्य बहुतेक हेच असावं. कॉम्प्युटर हळू चालतो? फॉरमॅट. मधेच बंद पडतो? फॉरमॅट. चालूच होत नाही? मग तर फॉरमॅट हवाच, आणि वर मदरबोर्ड. सांगणारा इतक्या आत्मविश्वासाने सांगतो की “का?” असं विचारायची समोरच्याची छातीच होत नाही.

आज मला या वाक्यावर मनसोक्त तोंडसुख घ्यायचंय. ते म्हणणाऱ्यांवर थोडं आणि ऐकून घेणाऱ्यांवर जास्त, कारण त्या रांगेत मीही उभा आहे.

झालं असं. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काकू राहतात. चौदा वर्षं दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतायत, मराठी माध्यमाच्या. प्रश्नपत्रिका स्वतः काढतात. गाईडमधून उचलेगिरी नाही. कुठल्या पोराचं कुठे अडतं ते बघून पुढच्या वर्षी त्यावर आणखी चार उदाहरणं घालायची, असं करत करत साचलेलं सगळं भांडवल २०१४ सालच्या एका डेस्कटॉपवर. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, आणि स्क्रीनवर ‘नो सिग्नल’. काकूंनी मला फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो. (नसतो तरी फार फरक पडला असता असं नाही.) “काकू, दुकानात दाखवा ना, ते बघतील,” म्हणून मोकळा झालो.

दुकानाने बघितलं. मदरबोर्ड गेला. तो आता मिळत नाही, म्हणून बोर्ड, प्रोसेसर, रॅम असा सगळा संचच नवा. नव्या बोर्डावर जुनी विंडोज उठेना, म्हणजे विंडोजही ‘करप्ट’, म्हणून फॉरमॅट. एकूण १४,२०० रुपये. काकू हिशोबी, त्यांनी जुना माल पिशवीत घालून परत आणला. घरी येऊन मशीन चालू केलं, अगदी झकास चालू झालं, आणि आत काहीही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, विचारलं नव्हतं का त्यांना? विचारलं होतं ना! दुकानातल्या मुलाने विचारलं, “डेटा लागेल का?” काकूंनी सांगितलं, “नको, घरी वायफाय आहे.”

हसू नका. म्हणजे मीही आधी हसलो, पण मग दोन दिवस झोप नीट लागली नाही. चौदा वर्षांच्या कामावर बोळा फिरवायची परवानगी या एका वाक्यावर घेतली गेली. आणि ज्याला ‘डेटा’ या शब्दाचे दोन्ही अर्थ माहीत होते तो इसम तेव्हा मीटिंगमध्ये म्यूटवर बसला होता.

शनिवारी ती पिशवी मी वर आणली. टेबलावर लाकडी पाट, पाटावर बोर्ड, माझ्याकडचा एक जुना एसएमपीएस, बोर्डाच्याच व्हीजीएला मॉनिटर. बटण नाही, म्हणून पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या. पंखा फिरला, स्क्रीन काळी. लक्षण तेच. वायर काढली, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांचे सोनेरी पाय काळपट पडले होते. खोडरबराने हलक्या हाताने पुसले, चुरा ब्रशने झटकला, एकच पट्टी परत बसवली, दोन्ही बाजूंनी खट्‌ आवाज येईपर्यंत दाबून. पुन्हा स्क्रूड्रायव्हर.

बोर्डाचा लोगो आला. खाली इंग्रजीत तक्रार: तारीख-वेळ ठीक नाही, एफ१ दाबा. बोर्डावरचा सेल मल्टिमीटरने मोजला तर २.३ व्होल्ट. तो असावा लागतो ३ चा. म्हणजे तोही संपलेला. दुसरी पट्टी लावली, तीही चालली.

एकूण रोग: पायांवरचा मळ आणि एक मेलेला बटणसेल. एकूण औषध: एक खोडरबर आणि चाळीस-पन्नास रुपये. एकूण झालेला उपचार: १४,२०० रुपये आणि चौदा वर्षं.

आता जरा शांतपणे बघू की यात खटकण्यासारखं नेमकं काय आहे. दुकानदार लुटारू होता, इतकं सोपं ते नाहीये.

कॉम्प्युटर चालू होणं ही एक घटना नाही, ती एक रांग आहे. बटण दाबलं की एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो. ते स्थिर झाले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांनी तो बोर्डाला ‘वीज ठीक आहे’ असा इशारा देतो. त्यानंतरच प्रोसेसर जागा होतो आणि बोर्डावरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्रॅम वाचायला लागतो. याला पूर्वी बायोस म्हणायचे, आता यूईएफआय. तो आधी रॅम तपासतो, मग डिस्प्ले जागा करतो, आणि हे सगळं पार पडल्यावर डिस्क शोधायला निघतो. डिस्कवर बूटलोडर सापडला तर विंडोजचा नंबर. विंडोज या रांगेत सगळ्यात शेवटी उभी आहे.

म्हणजे पंखा फिरतोय पण स्क्रीनवर बोर्डाचा लोगोसुद्धा नाही, याचा अर्थ गाडी रांगेच्या पहिल्या अर्ध्यातच कुठेतरी अडली आहे. डिस्क बिचारी अजून रंगमंचावर आलेलीच नाही. खात्री करायची तर डिस्कची केबल सरळ काढून टाका आणि मशीन चालू करा. तरी स्क्रीन काळीच? मग विंडोज निर्दोष. हा प्रयोग फुकट आहे, एका मिनिटाचा आहे, आणि त्याने निम्मे संशयित घरी पाठवता येतात. अशा मशीनची डिस्क फॉरमॅट करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पंखा फिरणं हाही पुरावा म्हणून फार कच्चा. १२ व्होल्ट मिळाले की पंखा फिरतो, इतकंच. प्रोसेसरची वीज वेगळ्या चार किंवा आठ पिनांच्या जोडाने येते. तो जोड सैल असेल तर पंखे गरागरा फिरतात, दिवे लागतात, आणि बाकी शुकशुकाट. मॉनिटरची केबल चुकीच्या भोकात असली तरी तेच. ग्राफिक्स कार्ड लावलेलं असताना केबल बोर्डाला लावायची हे काम माझ्या ओळखीतल्या निदान तीन इंजिनिअरांनी केलंय. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतं त्यांत ग्राफिक्स नसतातच, तिथे बोर्डाचं ते भोक नुसतं शोभेला. आणि डीडीआर५ रॅम असलेलं नवं कोरं मशीन पहिल्यांदा चालू करताना रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटं काळ्या स्क्रीनवर बसून राहू शकतं. ते बंद पडलेलं नसतं. आपल्याला दम नसतो.

शिवाय मशीन स्वतः सांगत असतं हो! जुने बोर्ड बीप वाजवायचे. किती लांब, किती आखूड, यावरून रॅम की डिस्प्ले ते कळायचं. अर्थ बोर्डाच्या पुस्तिकेत छापलेला असतो, कारण प्रत्येक बायोसची बोली वेगळी. पुढे कॅबिनेटवाल्यांनी तो चिमुकला स्पीकर द्यायचंच बंद केलं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो अजूनही चहाच्या पैशात मिळतो. बऱ्याच नव्या बोर्डांवर चार बारके दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जिथे अडलंय तो दिवा लागून राहतो. म्हणजे आजाऱ्याने स्वतः बोट ठेवून दाखवलंय की इथे दुखतंय. तरी आपण म्हणतो, किडनी बदला.

बरं, लोगो आला पण पुढे काही नाही, तर? तर अभिनंदन, बोर्ड, प्रोसेसर, रॅम बहुतेक शाबूत आहेत. आता डिस्कचा विषय. ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं म्हणत असेल तर आधी मागे राहिलेला पेनड्राइव्ह काढा. (हसू नका, हा फार जुना आणि फार सामान्य आजार आहे.) मग डिस्कची केबल काढून घट्ट लावा. मग बायोसमध्ये जाऊन बघा, तिथे डिस्कचं नाव दिसतंय का. नाव दिसतच नसेल तर केबल, वीज किंवा खुद्द डिस्क. दिसत असेल तर सेटिंग.

आणि इथे तो पन्नास रुपयांचा सेल पुन्हा येतो. त्याचं नाव सीआर२०३२. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून २०३२. तो मेला की बऱ्याच जुन्या बोर्डांची घडी मोडते. तारीख मागे जाते, आणि डिस्कशी बोलायची पद्धत, बूट करायची पद्धत, सगळं कारखान्यातून आलं होतं तसं होतं. विंडोज एएचसीआय पद्धतीवर टाकलेली आणि बोर्ड एका रात्रीत आयडीईवर गेला, की निळी स्क्रीन येते. मशीन चालू होतंय, विंडोज मात्र कोसळतेय. बघणाऱ्याला वाटणार, विंडोज करप्ट. मारा फॉरमॅट. खरं काम काय? सेल बदला, एक सेटिंग परत फिरवा. बस्स.

काकूंच्या डिस्कचंही असंच झालं. जुनी विंडोज जुन्या बायोस पद्धतीची, नवा बोर्ड फक्त यूईएफआय समजणारा. दोघांची भाषा वेगळी, म्हणून ती उठली नाही. डिस्क ठणठणीत होती. फायली जागच्या जागी होत्या. अशी डिस्क नव्या पद्धतीत बदलून देणारी एमबीआर२जीपीटी नावाची सोय खुद्द मायक्रोसॉफ्टनेच २०१७ पासून विंडोज १० मध्ये दिली आहे. तेही जमत नसेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, आणि मग खुशाल करा काय करायचं ते. अर्ध्या तासाचं काम होतं.

आता दुकानाची बाजू. ती मांडली नाही तर मी लबाड ठरेन.

त्या मुलाने हा अर्धा तास घालवला असता तर त्याला काय मिळालं असतं? “रॅम पुसली, सेल बदलला, ६०० रुपये द्या,” असं तो म्हणाला असता तर आपण काय म्हणालो असतो? नुसतं पुसायचे सहाशे? याच काकूंनी दोन वर्षांपूर्वी “नुसतं बघायचे तीनशे कसले?” म्हणून एकाला परत पाठवलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलं. मात्र १४,२०० त्यांनी हूं की चूं न करता मोजले, कारण हातात खोकं आलं. डॉक्टरकडे तपासणीचे पैसे आपण बिनबोभाट देतो. तो “काही नाही, वारा आलाय” म्हणाला तर उलट खूश होऊन देतो. कॉम्प्युटरवाल्याला आपण पैसे देतो ते फक्त वस्तूचे. मग तो वस्तू विकतो. निदानाला शून्य भाव आपणच ठरवलाय आणि वर निदान होत नाही म्हणून बोंबही आपणच मारतोय.

आणि आपण म्हणजे कोण? बाकीच्यांचं सोडा, आपण सॉफ्टवेअरवाले. आपण तर याचे महागुरू. रात्री दोनला सर्व्हर झोपला की पहिला हुकूम काय असतो? “रीस्टार्ट मारून बघ.” उठला? तिकीट बंद. कारण: ‘तात्पुरती समस्या’. मेमरी कुठे गळते ते शोधायला दोन दिवस लागले असते म्हणून रोज पहाटे चारला सर्व्हिस आपोआप रीस्टार्ट करणारं एक क्रॉन मी स्वतः लिहिलंय. दोन आठवड्यांसाठी लिहिलं होतं. त्याला आता सहा वर्षं झाली. ते अजून चालू आहे. बढती मला त्याच वर्षी मिळाली.

म्हणजे दुकानातल्या मुलाने जे काकूंच्या मशीनशी केलं तेच मी पगार घेऊन करतो. फरक इतकाच की मी त्याला ‘बिझनेस कंटिन्युइटी’ म्हणतो.

यावर नेहमीचा युक्तिवाद मला पाठ आहे, कारण मीच तो वापरतो. “माझ्या एका तासाची किंमत किती आहे माहितीये? त्यापेक्षा नवीन घेतलेलं परवडतं.” ठीक. तुझा तास महाग आहे, मान्य. पण मग शनिवारी तीन तास वेब सीरिज बघताना तो तास कुठल्या भावाने जातो रे? आणि ‘नवीन’ म्हणजे फक्त खोकं नवीन. आतलं काम नवीन विकत मिळत नाही. शिवाय कारण न शोधता वस्तू बदलली की कारण तिथेच राहतं. एसएमपीएस खराब असताना बोर्ड बदलला तर काही महिन्यांत नवा बोर्डही त्याच वाटेने जाऊ शकतो. मग आपण म्हणतो, “हल्ली क्वालिटीच राहिली नाही.”

दुसरा युक्तिवाद: “विंडोज १० बंदच झाली ना, आता जुनं मशीन ठेवून काय करायचं?” १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा संपला हे खरं आहे, आणि सुरक्षेचा प्रश्नही खरा आहे. पण त्याचा आणि सकाळी स्क्रीन काळी राहण्याचा काडीचा संबंध नाही. मशीन कधी बदलायचं हा तुमचा निर्णय असू द्या. तो रॅमवरच्या मळाने घ्यायचा नाही.

तिसरा: “बॅकअप का नव्हता?” असायला हवा होता. शंभर टक्के. पण घराला विमा नाही म्हणून घर पाडायचा परवाना कुणाला मिळत नाही.

उलट नव्या मशीनवर हा धोका वाढलाय. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून, म्हणजे २४एच२ पासून, नव्याने टाकलेली विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केली की बहुतेक मशीनांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बोर्ड बदलला की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. की तुमच्या त्या खात्यात असते, पण ते खातं कुठलं, पासवर्ड काय, हे किती जणांच्या आईवडिलांना माहितीये? आजच बघून कागदावर लिहून ठेवा. “मदरबोर्ड बदलू का?” याला हो म्हणण्याआधी हे ठाऊक असलं पाहिजे.

मग करायचं काय? मी कुणाला सोल्डरिंग शिका म्हणत नाहीये. तीनच गोष्टी.

एक, पहिला अर्धा तास स्वतः द्या. भिंतीची वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं तर तुम्हाला कळलं काहीच नाही. (एआयला विचारलं तर तो दहा कारणांची सुबक यादी देईल. यादी म्हणजे निदान नव्हे. एकेक संशयित बाद करत जाणं म्हणजे निदान, आणि स्क्रूड्रायव्हर तुमच्याच हातात असतो.)

दोन, दुकानात गेलात तर “किती होतील?” याच्या आधी “कशावरून?” विचारा. कशावरून बोर्ड गेला? दुसरी रॅम लावून पाहिली का? डिस्क काढून पाहिली का? ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला तपासणीचे पैसे द्या, न कुरकुरता, दुरुस्तीचा खर्च दोनशे निघाला तरी. असे लोक आहेत. आपण त्यांना उपाशी मारतोय.

तीन, घरच्या माणसाचा फोन आला तर मीटिंगमधून पाच मिनिटं उठा. निदान इतकं सांगा, “डिस्कला हात लावू देऊ नका, मी येतो.” ते सात शब्द मी बोललो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

काकूंच्या डिस्कवरून फोटोरेक चालवून जे निघालं ते काढलं. फॉरमॅट वरवरचा होता म्हणून बरंच वाचलं, पण ज्या जागेवर नवी विंडोज बसली ते गेलंच. शिवाय फोटोरेक मजकूर शोधतो, नावं नाही. त्यामुळे ‘बीजगणित सराव ७’ च्या जागी एफ आणि पुढे लांबलचक आकडा, अशा काही हजार फायली. शोधताही येत नाहीत, कारण निम्म्या श्रीलिपीच्या जुन्या युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या, आत कॉम्प्युटरला नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तेव्हा काकू रोज संध्याकाळी एकेक उघडून बघतात, वहीत नोंद करतात, नाव देतात. गेल्या रविवारपर्यंत चारशे अकरा झाल्या होत्या.

जुना बोर्ड मी एका रिकाम्या कॅबिनेटमध्ये बसवून त्यांच्या वर्गातल्या मुलांसाठी लावून दिला. चालू होताना काकू बाजूलाच उभ्या होत्या.

“म्हणजे हा बिघडलाच नव्हता?”

“नव्हता.”

“मग फॉरमॅट कशाला केला?”

चौदा वर्षं ‘हे उत्तर कुठून आलं, पायरी दाखव’ असं पोरांना विचारणाऱ्या बाईला मी काय सांगणार? त्यांच्याकडे बघायचं टाळून मी कॅबिनेटचे स्क्रू पिळत बसलो.

असो. सोमवारी ऑफिसात गेलो की आधी ते क्रॉन बंद करणार आहे. मेमरी कुठे गळते ते बघूच या.